आई-बाबांना गावातल्या जर्मन गास्टहाऊसमध्ये जेवायला न्यायचंय, कधी जायचं आणि काय मागवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की राहायला एर्लांगेनला, आई-बाबा पुण्याहून सप्टेंबरच्या मध्याला येतायत ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, त्यांना एकदा तरी खरं जर्मन जेवण जेवू घालायचंय आणि तेही टुरिस्टांच्या हॉटेलात नाही तर गावातल्या कुणाच्यातरी घरच्या गास्टहाऊसमध्ये, म्हणजे एखादं कुटुंब चालवतं त्या खाणावळीत. पण आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, बाबा मासे, चिकन, मटण खातात पण बीफ-पोर्क नाही, स्वतःला सगळं चालतं. आणि ऑफिसातले सगळे सांगतायत की कशाला डोक्याला ताप, सरळ इंडियन रेस्टॉरंटला न्या.

माझं म्हणणं, गास्टहाऊसलाच न्या. मी मूळचा सांगलीकडचा, इथे फ्रांकेनमध्ये, म्हणजे एर्लांगेन ज्यात येतं त्या उत्तर बव्हेरियात, कुकची तीन वर्षांची आउसबिल्डुंग म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण केलं आणि तेव्हापासून अशाच एका घरच्या गास्टहाऊसच्या किचनमध्ये काम करतोय, त्यामुळे आतून काय चालतं ते रोज बघतो. तुमच्या तिघांचंही पोट तिथे नीट भरू शकतं, फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा की अशा ठिकाणी काय मागवायचं यापेक्षा कधी जायचं हे जास्त महत्त्वाचं असतं. मेनूकार्ड वर्षभर तेच दिसतं पण किचन वार आणि सीझन बघून चालतं.

वाराचं आधी सांगतो. बहुतेक गास्टहाऊसना आठवड्यातून एक-दोन दिवस रूहेटाग म्हणजे सुट्टी असते, साधारण सोमवार-मंगळवार, त्या दिवशी जाऊन उपयोग नाही. मधल्या दिवसांत संध्याकाळी गेलात तर श्नित्सेल (मांसाचा तळलेला पातळ काप), ब्राटवुर्स्ट (भाजलेलं सॉसेज), थंड थाळ्या असं पटकन होणारं मिळतं, कारण आठवड्याच्या मधे भट्टीत मोठे रोस्ट लावायला गिऱ्हाईक नसतं. खरं जेवण रविवारी दुपारचं. झाउअरब्राटनसाठी बीफचा मोठा तुकडा चार-पाच दिवस आधीच व्हिनेगर, कांदा, गाजर, तमालपत्र, लवंग आणि जुनिपरच्या पाण्यात बुडवून ठेवलेला असतो, म्हणजे रविवारची तयारी मंगळवारीच सुरू होते. रविवारी सकाळी सातला ओव्हन पेटतो, हाडं भाजून रस्सा आधीपासून उकळत असतो, आणि साडेअकराला दार उघडतं तेव्हा सगळं एकाच वेळी तयार असतं. ती वेळ गाठा. दीड वाजता गेलात तर रोस्ट संपलेलं असतं, आणि संपलं म्हणजे संपलं, नवीन लावायला तीन तास लागतात त्यामुळे कुणी लावत नाही. दुपारी दोनला बऱ्याच ठिकाणी किचन बंदच होतं, ते संध्याकाळी साडेपाचला उघडतं. आपल्याकडे रविवारी अडीच-तीनला जेवायला बसायची सवय असते, ती त्या दिवसापुरती बाजूला ठेवा.

आणि फोन करा, मेल नको. मालकीणबाई किंवा त्यांची मुलगी फोन उचलते, तिला दिवस, वेळ, माणसं सांगा आणि आईंचं खाणं त्याच फोनवर सांगा. रविवारी दुपारी साठ-सत्तर माणसं बसलेली असताना सर्व्हिसवालीला अडवून ब्र्यूए (मांसा-हाडांचं पाणी) आहे का, श्माल्झ (चरबी) आहे का असं विचारत बसलात तर तिला किचनमध्ये येऊन विचारायला वेळ नसतो, ती अंदाजाने उत्तर देते. बुधवारी सांगितलं असेल तर मी किंवा माझ्यासारखा कुणीतरी वेगळं भांडं बाजूला काढून ठेवतो, त्याचा आम्हाला काही त्रास नसतो, उलट आधी कळलं की बरं वाटतं.

आता आईंचं, कारण तिथेच लोक फसतात. जर्मनीत "फेगेटारिश" म्हटलं की अंडं चालतं असं गृहीत धरतात, आणि गावाकडच्या जुन्या किचनमध्ये तर मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे झालं शाकाहारी अशी समजूत अजून आहे. त्यात वाईट हेतू काही नाही, सवय तशी आहे. रविवारी जेवणाआधी एक सूप येतं, त्यात पॅनकेकच्या बारीक पट्ट्या किंवा रव्याचे छोटे गोळे तरंगत असतात, दिसायला अगदी साधं, पण खालचं पाणी बीफच्या हाडांचं असतं. इकडचा बटाट्याचा सॅलड मेयोनीजचा नसतो, तो गरम ब्र्यूएमध्ये मुरवतात, तेही मांसाचंच. लाल कोबी आणि सॉरक्राउट शिजवताना बदकाची, हंसाची किंवा डुकराची चरबी घालतात, परतलेल्या बटाट्यात श्पेकचे म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, हिरव्या शेंगांना श्पेक गुंडाळतात, पुडिंगसारख्या बव्हेरियन क्रीममध्ये जिलेटिन असतं. मेनूवर पदार्थापुढे जी बारीक अक्षरं असतात ती अॅलर्जीची, 2014 च्या डिसेंबरपासून युरोपात 14 अॅलर्जी-घटक कळवणं सक्तीचं आहे, त्यात अंडं, दूध, मासे, मोहरी, सेलरी सगळं येतं, पण डुकराची चरबी आणि बीफचं पाणी त्यात बसत नाही. म्हणजे अंडं आहे की नाही हे त्या अक्षरांवरून कळेल, चरबीचं विचारल्याशिवाय कळणार नाही. फोनवर एवढं बोला (ओने म्हणजे शिवाय, फ्लाइश मांस, आय अंडं): ओने फ्लाइश, ओने फिश, ओने आय, ओने ब्र्यूए, ओने श्पेक, ओने श्माल्झ. लांबलचक वाटेल पण हे सहा शब्द एकदम सांगितले की समोरच्याला नेमकं कळतं.

मग आईंनी खायचं काय? सगळे केजेश्पेट्झले सांगतील, पिठाच्या मऊ शेवया, चीज आणि वरून तळलेला कांदा, खूप छान लागतं पण श्पेट्झलेच्या पिठात अंडंच अंडं असतं त्यामुळे ते बाद. शेजारच्या श्वाबेन भागातली माउलटाशेन, म्हणजे सारण भरलेले पिठाचे चौकोन, बाद, झेमेलक्नोडेल म्हणजे पावाचे उंडे तेही बाद कारण अंड्याने बांधतात, किसलेल्या बटाट्याच्या धिरड्यांमध्येही बहुतेक वेळा अंडं असतं. पण आपल्या फ्रांकेनचा जो क्लोस आहे, बटाट्याचा मोठा गोळा, त्यात अंडं लागत नाही. कच्चा बटाटा किसायचा, कापडातून घट्ट पिळायचा, त्या पाण्यात तळाशी जो स्टार्च बसतो तो परत त्यातच घालायचा, मग उकडून कुस्करलेला बटाटा आणि मीठ, आणि मधोमध लोण्यात परतलेले पावाचे दोन-तीन तुकडे. मिठाच्या पाण्यात साधारण 20 मिनिटं, पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, नुसतं हलत राहिलं पाहिजे, नाहीतर गोळा फुटतो. या क्लोसवर मश्रूमची क्रीम सॉस, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रानातली मश्रूम अजून मिळत असतात, आणि ती सॉस आधी सांगितलं असेल तर ब्र्यूए आणि श्पेक न घालता वेगळी करता येते, कांदा, लोणी, मश्रूम, क्रीम, पार्सली, बाकी काही लागत नाही. सोबत हिरवा सॅलड व्हिनेगर-तेलाचा. हे आईंचं मुख्य जेवण. दुसरं म्हणजे उकडलेले बटाटे आणि झीबेलेसकेज, घट्ट क्वार्कमध्ये (चक्क्यासारखं ताजं चीज) चाइव्ह आणि कांदा कालवलेला, साधं पण अतिशय चवदार, आणि गावच्या भट्टीतल्या राईच्या पावाबरोबर गेरुप्फ्टर, म्हणजे पिकलेलं कॅमेम्बेर चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका एकत्र मळून केलेलं. आई चीजमधल्या रेनेटबद्दल (दूध घट्ट करायला घालतात ते) काटेकोर असतील तर गेरुप्फ्टर टाळा, बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये ते वासराच्या पोटातलं असतं. क्लोस खाताना सुरीने कापू नका असं दोघांनाही सांगा, काट्याने फोडायचा, फाटलेल्या खडबडीत कडेत सॉस मुरते, सुरीने कापलेल्या गुळगुळीत बाजूवरून ती नुसती वाहून जाते. शेजारच्या टेबलवरच्या आजोबांकडे बघा, ते असंच खात असतील.

बाबांचं काम सोपं आहे आणि खरंतर त्यांच्यासाठी तुम्ही अगदी योग्य वेळ निवडलीये. 1 सप्टेंबरला इकडे कार्प या गोड्या पाण्यातल्या माशाचा सीझन सुरू होतो तो एप्रिलअखेरपर्यंत. एर्लांगेनच्या वायव्येला आयशग्रुंड नावाचा भाग आहे, ह्योख्श्टाट गावाच्या आजूबाजूला, तिथे मध्ययुगापासून तळी खोदलेली आहेत, मठांमधल्या लोकांना उपासाच्या दिवसांत मांस चालायचं नाही म्हणून मासे पाळायला सुरुवात झाली आणि ती आजपर्यंत चालू आहे. आयशग्रुंडच्या कार्पला 2012 पासून युरोपचं भौगोलिक संरक्षणही आहे. मासा तीन उन्हाळे वाढवतात, मग काढल्यावर काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात जिवंत ठेवतात म्हणजे तळ्याच्या चिखलाचा वास निघून जातो, हे ज्या ठिकाणी नीट करत नाहीत तिथला कार्प पहिल्या घासाला कळतो.

किचनमध्ये तो येतो तेव्हा डोक्यापासून शेपटीपर्यंत उभा चिरून दोन अर्धी करतात, हाडं तशीच ठेवून. मीठ, मिरी, मैद्यात घोळवायचा आणि कढत फॅटमध्ये पूर्ण बुडवून साधारण 10 मिनिटं. तळताना तो आक्रसतो आणि वाकतो, म्हणून ताटात येतो तो शेपटी वर करून, अख्खं ताट भरून, ताटाबाहेर आलेला. पर कुरकुरीत झालेले असतात ते मोडून खायचे, इकडची माणसं आधी तेच संपवतात. बाबा मासे खाणारे आहेत म्हणजे काट्यांची भीती नसेल, पण सांगून ठेवा की पाठीकडच्या भागात वाय आकाराचे बारीक काटे असतात, पोटाकडचा भाग सोपा. नकोच असेल तर काही ठिकाणी फिले मिळतो, त्यात काटे इतके बारीक कापलेले असतात की तळल्यावर जाणवत नाहीत, पण चवीला अर्धा मासाच वरचढ. कार्प ब्लाउ नावाचा व्हिनेगरच्या पाण्यात शिजवलेला प्रकारही दिसेल, पहिल्यांदा खाणाऱ्याला मी तो देणार नाही. एक गोष्ट नक्की विचारायची, तळतात कशात. जुन्या पद्धतीने डुकराच्या चरबीत तळणारी घरं आहेत, तुपासारख्या बुटरश्माल्झमध्ये तळणारी आहेत आणि तेलात तळणारीही आहेत, बाबांना पोर्क चालत नाही तर हा प्रश्न फोनवरच संपवा. सोबतचा बटाट्याचा सॅलड बीफच्या पाण्यातला असू शकतो, त्याऐवजी पार्सलीचे बटाटे मागा. कार्प काही ठिकाणी वजनावर विकतात, मोठा आला तर बिल वाढतं, आधी विचारलेलं बरं.

कार्प नको असेल तर ट्राउट, पूर्वेकडे फ्रेंकिशे श्वाइट्स नावाच्या डोंगराळ भागात वीझेंट नदीच्या खोऱ्यात गेलात तर तिथल्या गास्टहाऊसमध्ये ताजी मिळते, मैद्यात घोळवून लोण्यात परतलेली. आणि तिसरा पर्याय, रविवारी दुपारी बऱ्याच ठिकाणी असतो तो, बदक. पोटात सफरचंद, कांदा आणि बाइफुस नावाचा पाला घालून हळूहळू भाजतात, अर्धं किंवा पाव मागवता येतं, कातडी करकरीत, सोबत क्लोस आणि लाल कोबी. चिकनवर वाढलेल्या माणसाला बदक पहिल्यांदा जरा तुपकट वाटेल पण त्या लाल कोबीचा आंबटपणा त्यावर बरोबर बसतो. ताटातली सॉस बदकाच्याच हाडांची आहे की सगळ्यांसाठी केलेली एकच ब्राउन सॉस आहे हे मात्र विचारा, कारण ती एकच सॉस बहुतेक पोर्कची असते.

तुम्ही स्वतः सगळं खाता तर शॉयफेले सोडू नका. डुकराच्या खांद्याचा हाडासकट तुकडा, वर कातडी, तिला सुरीने चौकटी मारलेल्या. आम्ही आधी कातडी खाली करून थोड्या पाण्यात ठेवतो म्हणजे ती मऊ होते, मग उलटवून कॅरवे, मीठ, मिरी, कांदा आणि भाज्यांवर अडीच-तीन तास, अधूनमधून बिअर ओतत, आणि शेवटी वरची आच वाढवली की कातडी फुलून फोड येतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत ओव्हनसमोरून हलता येत नाही, फुललेली आणि जळलेली यात फार अंतर नसतं. चांगलं शॉयफेले ओळखायची खूण, मांस काट्याने हाडावरून सुटतं आणि कातडी दाताखाली आवाज करते. कातडी रबरासारखी ओढावी लागली तर ते सकाळचं नाही, आदल्या दिवशीचं गरम केलेलं आहे. गावाकडे क्लोससकट साधारण 15 ते 20 युरोमध्ये मिळतं. बीफ चालत असेल तर दुसऱ्या वेळी झाउअरब्राटन, ऱ्हाइनकडे त्यात मनुका घालतात, इकडे सॉसमध्ये लेबकूखन म्हणजे मसाल्याची बिस्किटं विरघळवून दाट करतात, त्यात दालचिनी-लवंगेचा वास येतो आणि मला वाटतं आपल्या जिभेला जर्मन जेवणातली सगळ्यात ओळखीची सॉस हीच.

जेवण तिघांनाही जरा सपक वाटणार, ते धरून चाला. पण म्हणून पर्समधून लोणच्याची बाटली काढू नका, टेबलावर बाहेरचं खाणं काढलेलं मालकांना खरंच लागतं. त्याऐवजी क्रेन मागा, म्हणजे ताजा किसलेला हॉर्सरॅडिश, एर्लांगेन आणि फोर्खहाइमच्या मधलं बायर्सडोर्फ त्यासाठीच प्रसिद्ध आहे. ताज्या फेसलेल्या मोहरीसारखा तो नाकात चढतो, आणि कार्पबरोबर तर बाबांना नक्की आवडेल. आईंसाठी मागताना क्रीममधला क्रेन मागा, नुसता किसलेला फार जोरात लागतो.

जागा कशी निवडायची हेही सांगतो. मला विचाराल तर मेनू छोटा असावा, दोन पानांच्या वर गेला की फ्रीझर आला. जिथे स्वतःची ब्रूअरी किंवा खाटकाचं दुकान त्याच घराला जोडून आहे ते सहसा चांगलं, बाम्बेर्ग आणि फोर्खहाइमच्या आसपास अशी कितीतरी आहेत. रविवारी दाराबाहेरच्या गाड्या बघा, नंबरप्लेटवर त्याच जिल्ह्याची अक्षरं दिसली म्हणजे गावची माणसं तिथे जेवतात. पाटीवर खडूने लिहिलेलं टागेसकार्टे म्हणजे त्या दिवसाचा मेनू असेल तर त्यातलंच मागवा, ते त्या दिवशी खरंच केलेलं असतं. आणि रविवारी मेनूवर शॉयफेले आहे पण कार्प, मश्रूम, प्लम असं सीझनचं एकही नाव नाही, तर मी तिथे बसणार नाही.

खरं सांगायचं तर ही घरं कमी होत चाललीयेत आणि ते बघून मला फार वाईट वाटतं. आजी क्लोस वळते, मुलगा ओव्हनवर, सून सर्व्हिसला, आणि नातवंडं शहरात नोकरीला, ती काही परत येऊन सकाळी सातला ओव्हन लावणार नाहीत. किचनला माणसं मिळत नाहीत. 2024 च्या जानेवारीत जेवणावरचा टॅक्स 7 वरून परत 19 टक्के झाला तेव्हा किमती वाढल्या आणि काही जणांनी तेव्हाच कुलूप लावलं. म्हणून कुणी आपलं माणूस आई-बाबांना घेऊन येतंय म्हटलं की मला मनापासून वाटतं यावं, नुसतं बघायला नाही तर पोटभर जेवायला यावं.

बसताना एक लक्षात ठेवा, शेगडीजवळच्या एखाद्या टेबलावर श्टामटिश अशी पाटी असेल, ते रोजच्या गिऱ्हाईकांचं, रिकामं असलं तरी बसायचं नाही. आत शिरताना खोलीतल्या सगळ्यांना ग्र्यूस गॉट म्हणायचं, अनोळखी असले तरी. पाणी फुकट येत नाही, बाटलीचं मागवावं लागतं, आणि नुसतं "वासर" म्हटलं तर फसफसणारं येईल, साधं हवं तर श्टिलेस. आई-बाबांना बिअर नको असेल तर आपफेलशोर्ले, सफरचंदाचा रस सोड्यात. तुम्ही त्याच गावच्या ब्रूअरीची केलरबिअर घ्या.

गोडाला ऑक्टोबरपर्यंत प्लमचा केक असतो, यीस्टच्या पिठावर अर्धे केलेले प्लम लावलेला, पण पिठात अंडं असू शकतं, आईंसाठी विचारूनच घ्या, नाहीतर गरम रासबेरीबरोबर व्हॅनिला आइस्क्रीम मिळतं, त्याचंही अंड्याचं अक्षर मेनूवर बघा.

बिल देताना ती विचारेल झुझामेन की गेट्रेन्ट, म्हणजे एकत्र की वेगवेगळं. टिप टेबलावर ठेवून उठायची पद्धत नाही, पैसे देतानाच आकडा सांगायचा, 74 झाले असतील तर 80 म्हणायचं, पाच ते दहा टक्के पुरतात. कॅश जवळ ठेवा, गावात कार्ड न घेणारी बरीच आहेत. ताटं मोठी असतात, आईंचा दुसरा क्लोस नक्की उरेल, तो बांधून मागायला लाजू नका, आयनपाकेन बिट्टे म्हटलं की डब्यात किंवा फॉइलमध्ये देतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या चकत्या करून तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी खरपूस परता, वर हवं तर तिखट-मीठ.